इटलीतली आखाजी

कुमुद,

तेराव्याला तुझ्या हॉलमध्ये सगळ्यांनी तुझ्याबद्दल दोन-दोन शब्द सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी नुसते हात जोडले आणि खाली बसले. "बाईंना दुःख आवरत नाहीये," असं कोणीतरी म्हणालं आणि मला पाणी आणून दिलं. दुःख होतंच गं. पण मी बोलले नाही ती रागाने. थोड्या वेळापूर्वी तुझ्याच स्वयंपाकघरात मला एक गोष्ट कळली होती, आणि ती कळल्यावर तुझ्या फोटोकडे बघून 'मनमोकळी मैत्रीण' वगैरे म्हणायला माझी जीभ रेटेना. चारचौघांत गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. म्हणून आता घरी बसून लिहितेय.

तू मला फसवलंस. वर्षानुवर्षं, दर रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, पडदे ओढून, कूलर लावून, माझ्या शेजारी बसून फसवलंस.

सुरुवात कशी झाली ते आठवतं ना? ऋचा, तुझी लेक, नोकरीसाठी इटलीत गेली. तू तिच्याकडे काही महिने राहून आलीस आणि तिकडचं वेड घेऊन आलीस. अॅल्युमिनियमची कॉफीची किटली आणलीस, तिच्यातून निघणारी काढ्यासारखी कॉफी मला पाजलीस आणि मग टीव्हीवर त्यांचे सिनेमे नि मालिका लावायला लागलीस. खाली इंग्रजीत ओळी पळायच्या. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. इंग्रजी मला येतं, पण ते एका जागी उभं राहिलं तर. पळतं इंग्रजी मला पकडता येत नाही. अर्धी ओळ वाचून होईपर्यंत तिकडे माणूस मेलेला असायचा. तू कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, शिवाय ऋचाकडे राहून इटालियनही थोडं कानात बसलेलं. तू माझा चष्मा काढून टीपॉयवर ठेवलास आणि म्हणालीस, "तुले काय करानं शे वाचीसन? तू चेहरे देख. बाकी मी सांगस."

चष्मा मी परत लावला, पण बाकीचं तुझ्यावर सोडलं.

आणि तू सांगायचीस ते अहिराणीत. एवढी वर्षं इंग्रजी शिकवूनही तुझी पारोळ्याची बोली जागची हलली नव्हती. उंची सुटातला वकील कोर्टात उभा राहून, सगळं खोटं आहे म्हणायच्या ऐवजी, म्हणायचा, "हाई बठ्ठं खोटं शे!" त्यांचा तो मक्याच्या पिठाचा लापशीसारखा पदार्थ आला की तू म्हणायचीस, घाटा शे. मी हसून हसून बेजार व्हायचे. पण हळूहळू ती माणसं मला कळायला लागली, ती त्या बोलीमुळेच. तूच सांगितलंस की दक्षिणेकडची माणसं आपल्या बोलीत बोलतात तेव्हा त्यांच्याच देशातल्या प्रेक्षकांसाठी खाली शुद्ध भाषेत ओळी द्याव्या लागतात. आणि तरी ते बोली काढून टाकत नाहीत. मी म्हटलं होतं, आपल्या वाहिन्यांवर अहिराणी आली तर कशी येते? लोकांना हसवायला, घरगड्याच्या तोंडी. तिकडे त्याच बोलीत बाई आपल्या नवऱ्याच्या प्रेताशी बोलते. या एका बाबतीत आपलं दोघींचं कधी भांडण झालं नाही.

बाकी सगळ्या बाबतींत झालं. त्यांच्या गुन्हेगारीच्या मालिका तुला खऱ्या वाटायच्या. मला वाटायचं, खून करणारी पोरं एवढी देखणी आणि त्यांचे कोट एवढे इस्त्रीचे असले तर बघणाऱ्या पोराला दुसरं काय शिकायला मिळणार? त्यांच्या पोलिसी मालिकांत गावात प्रेत सापडलं तरी साहेबाचं दुपारचं जेवण चुकत नाही, हे तुला संस्कृती वाटायचं, मला टाइमपास. ते मोठमोठी बक्षिसं मिळवणारे सिनेमे, ज्यांत माणूस डोंगराकडे बघत बसतो आणि डोंगर माणसाकडे. मी म्हणायचे, कॅमेरा लावून सगळे कॉफी प्यायला गेलेले दिसतात. तू चिडायचीस. "येडी शे का तू? तो इचार करी राह्यना!" पण मीही काही नुसती नावं ठेवत नव्हते. पन्नाशीची बाई नायिका असते, तिच्या डोळ्यांखाली काळं असतं, केस विस्कटलेले असतात, आणि कॅमेरा तिच्यापासून तोंड फिरवत नाही, हे मला तिकडेच पहिल्यांदा दिसलं. आपल्याकडे त्या वयाच्या बाईला आरतीचं ताट धरून दारात उभं करतात. हे मी म्हटलं तेव्हा तू माझ्या पाठीवर थाप मारली होतीस.

मग आली छत्र्यांची मालिका. तिचं खरं नाव आपल्याला कधी नीट उच्चारता आलं नाही. समुद्रकाठी खुर्च्या आणि रंगीत छत्र्या भाड्याने देणारं घर, नवरा वारल्यावर ते एकटीने चालवणारी आई, आणि घर सोडून गेलेली मुलगी. आईला आपण मोठी बाई म्हणायचो आणि मुलीला लाल कोटवाली. या दोघींवर मी जीव टाकला, कुमुद. तुला माहीत होतं का ते.

आता मनीषाचं लिहावंच लागेल. माझ्या लेकीने तिच्या मनाने लग्न केलं आणि लग्न झाल्यावर मला फोन केला. मुलगा कोण, कुठला, यावर माझं काही म्हणणं नव्हतं, हे मी तुला शंभरदा सांगितलं. म्हणणं एवढंच होतं की तिच्या ऑफिसला माहीत, मैत्रिणींना माहीत, धुळ्याच्या घरमालकाला माहीत, आणि आईला सगळ्यांत शेवटी. ज्या बाईने एकटीने वाढवलं तिला शेवटी. मी फोन ठेवला. तिनेही परत केला नाही. वर्षं गेली. जळगाव ते धुळे अंतर ते काय, पण आमच्यात ते वाढतच गेलं. आणि तू दर रविवारी तेच काढायचीस. "फोन कर. पोर शे ती." शेवटी एका रविवारी मी चप्पल घालून निघाले, तेव्हा तू दारात आडवी उभी राहिलीस आणि शपथ घेतलीस की आजपासून तिचं नाव काढणार नाही.

शपथ तू पाळलीस. नाव कधी काढलं नाहीस. मला वाटायचं, बघा, माणसाने शब्द पाळावा तर कुमुदसारखा.

पहिल्या पर्वात एक प्रसंग आहे. लाल कोटवाली घरी येते, वरच्या मजल्यावर आपल्या जुन्या खोलीत जाते, खिडकीपाशी उभी राहते. आई दारात. मुलगी वळते आणि काहीतरी बोलते. तू सांगितलंस, ती म्हणते: "घर तुनं शे, पन खिडकी मनी शे."  मी तुला ते परत लावायला लावलं. मी म्हटलं, काय लिहितात गं हे लोक! एका वाक्यात मुलीचा सगळा हक्क आणि सगळी माया. पोरीचं बरोबर आहे, आईने आता दोन पावलं पुढे यायला हवं. तू नुसती मान हलवलीस आणि उठून कॉफी करायला गेलीस.

नंतरच्या पर्वात त्यांच्या गावात कसलासा उत्सव होता. रस्त्यावर दिव्यांच्या कमानी, बँड, पालखीसारखी मूर्ती. तू म्हणालीस, "हाई त्यासनी आखाजी शे. या दिनले बठ्ठ्या पोरी माहेरले येतस." आणि बघते तर खरंच, लाल कोटवाली गर्दीत होती. मी किती हरखले. आपल्या खानदेशाबाहेर पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही की अक्षय्यतृतीयेला आपल्याकडे लेकी का येतात, झोके का बांधतात, आणि इथे सातासमुद्रापार त्यांना आखाजी आहे! मी घरी येऊन शेजारणींना सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं.

पण वाचनालयाच्या महिला मंडळात मी भाषण केलं. विषय माझाच: इटालियन मालिकांमधली आई. मी काय काय बोलले असेन ते आठवून आज मला घाम फुटतो. मी म्हणाले, तिकडच्या कथांमध्ये आया शेवटी दार उघडतात. मी म्हणाले, तिकडे शेवट गोड करण्याची लाज नाही, आपणच उगाच दुःखाला श्रेष्ठ समजतो. मी खिडकीचं वाक्य म्हणून दाखवलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आखाजी सांगितली. मागच्या रांगेतून एक तरुण मुलगी उठून फार आदराने म्हणाली, "बाई, तो तर गावच्या संताचा उत्सव आहे ना? आणि ती मुलगी त्यात आईला न भेटताच जाते." पुढच्या रांगेतून तू मान वळवून म्हणालीस, "तुमचा भाग वेगळा असेल." सगळ्या हसल्या. मी त्या मुलीला म्हटलं, "मालिका लक्ष देऊन बघायची असते, बाळ." तेव्हा तू खाली बघत पदराचं टोक चाळवत होतीस. मला वाटलं, माझ्या भाषणाने भारावलीस.

आपला शेवटचा रविवार. तिसरं पर्व येणार म्हणून जाहिरात लागली होती. तू म्हणालीस, या वेळी म्हणे हिंदी आवाज देणार आहेत, जुन्या भागांनाही. मी म्हटलं, आपल्याला काय करायची हिंदी, तू आहेस ना. तू बराच वेळ रिमोट हातात फिरवत बसलीस. मग म्हणालीस, "सुमे, तुले एक सांगानं शे."

मी म्हटलं, "मनीषाचं असेल तर नको."

"नही. इटलीनं शे."

तेवढ्यात गॅसवाला आला, तू उठलीस, मग ऋचाचा फोन आला, आणि मला घरी जायला उशीर होत होता. मी जिन्यातून ओरडले, पुढच्या रविवारी सांग. त्या रविवारी मी तुझ्याकडे आले ती पांढरी साडी नेसून.

आता स्वयंपाकघरातलं. तेराव्याला मी चहाचे कप आणायला आत गेले. ओट्याला टेकून ऋचा उभी होती आणि तिच्यासमोर पाठमोरी मनीषा. मी तिला इतक्या वर्षांनी बघत होते, आणि आधी तिचे केस ओळखले. ऋचा तिला विचारत होती, "आता आलीच आहेस तर घरी जाशील ना?" मनीषा म्हणाली, "घर तिचं आहे गं. खिडकी तेवढी माझी होती."

कुमुद, मी तिथेच उभी राहिले. इटलीतली कुणी लेखिका आणि धुळ्यात राहणारी माझी मुलगी एकच वाक्य बोलत होत्या. मराठी शिकवलंय मी. कोणतं वाक्य कोणाचं, हे ओळखण्यात आयुष्य गेलं माझं. आणि माझ्या पोरीचं वाक्य मी परक्या देशाचं म्हणून टाळ्यांसाठी वापरलं.

सभा संपल्यावर तुझ्या जिन्यात मी तिला गाठलं. हातात चपला, दोघी एका पायरीवर. मी आडून विचारलं नाही. "हे वाक्य तू कुमुदला कधी सांगितलंस?"

ती गडबडली. मग म्हणाली, "खूप आधी. मावशी दर आठवड्याला फोन करायच्या ना. रविवारी संध्याकाळी, तू गेल्यावर."

"काय बोलायचात?"

"मी माझं सांगायचे. त्या तुझं सांगायच्या." ती जिन्याच्या कठड्याकडे बघत होती. "म्हणायच्या, आज सुमनने तुझी बाजू घेतली. आज म्हणाली, पोरीचं बरोबर आहे. आज म्हणाली, आईने दोन पावलं पुढे यायला हवं. मी वाट बघायचे, आई. म्हटलं, दोन पावलं तर येईल."

मी काय सांगणार होते तिला? की ते मी एका लाल कोटाला म्हटलं होतं?

"आणि दर आखाजीला तुझ्या सांजोऱ्या मिळायच्या की," ती म्हणाली. "मावशी एसटीने पाठवायच्या, तुझं नाव सांगून."

मी तिच्या लग्नानंतर घरात सांजोरी तळली नाही, हे तुला माहीत होतं. तिला एवढंच म्हटलं, आणि जरा तोऱ्यातच म्हटलं, "या आखाजीला घरी येऊन खा." ती म्हणाली, "बघते."

त्यानंतरच्या दिवसांत मी छत्र्यांची मालिका पहिल्यापासून हिंदीत बघितली. एकटीने, दुपारी, माझ्या घरी. तिसरं पर्वही शेवटच्या भागापर्यंत. तुझ्याशिवाय बघणार नाही असं आपलं ठरलं होतं, पण ठरलेलं तू तरी कुठे पाळलंस? खिडकीपाशी लाल कोटवाली वळते आणि म्हणते, "मुझे इस घर से कुछ नहीं चाहिए।" बस. एवढंच. मोठी बाई मुलीला जे फोन करते, ज्यांवर मी डोळे पुसले, ते फोन औषधवाल्याला आणि बँकेला आहेत. ज्या पत्रात तू म्हणे आईने माफी मागितली होती ते जागेच्या परवान्याचं आहे. दार उघडं शे, तू कव्हय बी ये, हे वाक्य कुठेच नाही, मी शोधलं. सगळ्या आयांच्या वतीने बठ्ठ्या माया आश्याच ऱ्हातस म्हणणारी म्हातारी तर त्या भागात मुकी आहे, कुमुद! कुठल्या तोंडाने बोलायला लावलंस तिला?

माझा राग नेमका कशाचा, हे मला आता सांगता येतं. तू खोटं बोललीस म्हणून तो आहेच. पण मी प्रेक्षक होते. मला मतं होती. ती चुकीची असतील, पण ती माझी आणि त्या मालिकेची होती, असं मला वाटत होतं. तू मला भलतीच मालिका दाखवलीस, तिच्यावर माझं मत घेतलंस, आणि ते मत नेऊन माझ्याच मुलीला दिलंस. तिचं बोलणं मला, माझं बोलणं तिला, आणि दोघींपैकी कोणालाच पत्ता नाही. पुन्हा मी शेवटी. मनीषाने शेवटी सांगितलं म्हणून मी एवढी वर्षं धुमसत बसले, हे तुला जेवढं माहीत होतं तेवढं जगात कोणाला माहीत नव्हतं, आणि तू ते माहीत असून केलंस. तुझ्यावर मी विश्वास टाकला होता गं, डोळे मिटून. खरं तर डोळे उघडे ठेवून, तेच जास्त वाईट.

आणि आता समीक्षक म्हणून सांगते, रागावू नकोस. खरी मालिका तुझ्या मालिकेपेक्षा चांगली आहे. तुझी भाबडी होती. सगळ्यांना एकमेकांच्या गळ्यात पडायची घाई. खऱ्या मालिकेत कोणी कोणाला माफ करत नाही, तरी सकाळी उठून छत्र्या उघडतात. ती बाई अभिनय काय करते! तू मध्ये बोलत असल्यामुळे मला तिची शांतता कधी ऐकूच आली नाही. तिसरं पर्व मात्र पडलंय. पैसा आला वाटतं बाहेरचा. ड्रोनने वरून समुद्र दाखवतात, पर्यटनाची जाहिरात असावी तसा. जरा कोणी रडायला लागलं की मागे इंग्रजी गाणं. आणि बोली पार गेली. हिंदीतून नाही कळत ना, म्हणून मी मुद्दाम मूळ आवाज लावून ऐकला, तर सगळे बातम्या सांगितल्यासारखे शुद्ध बोलतात. तू असतीस तर उशी फेकून मारली असतीस टीव्हीला. शेवटचा प्रसंग तेवढा जमलाय. हंगाम संपलाय, किनारा रिकामा, मोठी बाई शेवटची छत्री मिटतेय. लाल कोटवाली येते, समोर उभी राहते आणि म्हणते, "अब मैं नहीं आऊँगी।" आई छत्रीची दोरी बांधते. संपलं. हे बघून झाल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की तू याचं काय केलं असतंस? इथे तुला काय सांगता आलं असतं मला?

कदाचित तेच तुला त्या रविवारी सांगायचं होतं. हिंदी आवाज येणार, आपलं पितळ उघडं पडणार, म्हणून आधीच सांगून टाकावं. की आणखी काही होतं? गॅसवाल्याला मी जन्मभर माफ करणार नाही.

आखाजीला मनीषा आली. एकटीच आली, जावईबापूंना पुढच्या वेळी आणते म्हणाली. त्या सकाळी घरोघरी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. तुझी घागर तुझ्या दिरांच्या घरी भरली. मी गेले नाही. मी सांजोऱ्या तळत होते आणि तुझ्यावर चिडलेली होते. तुझं खोटं खरं करून देण्याची जबाबदारी माझ्यावर का, असं म्हणत एकेक लाटत होते.

ती आधी वर तिच्या जुन्या खोलीत गेली. खिडकीपाशी थांबली. मी खालीच राहिले, दारात वगैरे उभी राहिले नाही, ते सगळं मी बघितलेलं होतं. खाली आली तेव्हा मी ताटली पुढे केली. तिने एक सांजोरी मोडली, तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली.

"या तुझ्या आहेत," ती म्हणाली.

"मग कोणाच्या असणार?"

"गुळाच्या. सुंठ घातलेल्या." तिचे डोळे भरून आले होते, पण हसत होती. "मावशींच्या साखरेच्या असायच्या."

मी ताटली खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. पहिल्या घासाला."

"आणि बोलली नाहीस?"

"मावशींना वाईट वाटलं असतं ना," ती म्हणाली, आणि दुसरी सांजोरी उचलली.

बघ म्हणजे. तिला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं. मागच्या रांगेतल्या त्या पोरीलासुद्धा ठाऊक होतं. फसली ती एकटी मी. आणि कुमुद, मनीषाच्या लग्नाआधी माझ्या हातच्या एवढ्या सांजोऱ्या खाल्ल्यास, फसवायचंच होतं तर गुळाच्या तरी करायच्यास! मी एक तुझ्या नावाने बाजूला काढून ठेवली. गुळाची. फरक कळू दे तुला.

जेवणं झाल्यावर पडदे ओढले, कूलर लावला. मनीषाने विचारलं, "मावशींबरोबर बघायचीस ती कुठली मालिका? तिचं शेवटचं पर्व आलंय ना?" मी म्हटलं, हो, तेच लाव. शेवटचा भाग लाव. तिने विचारलं, "हिंदीत?" मी म्हटलं, "नको. तू सांग."

ती सांगत गेली. चांगलं सांगते. तुझ्यासारखी नाटकं करत नाही, जेवढं आहे तेवढंच आणि साधं. मी ताडून बघत होते, प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मग तो रिकामा किनारा आला. मोठी बाई छत्री मिटायला लागली. लाल कोटवाली आली, समोर उभी राहिली. तिचे ओठ हलले, खाली पांढरी ओळ आली आणि गेली. मनीषा गप्प.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

मनीषा घरात कधी अहिराणी बोललेली नाही. लहानपणी तू शिकवायचीस तेव्हा लाजून पळून जायची. टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "ती म्हनस, पुढली आखाजीले येसू, माय."

तुला मी अजून माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेव. पण मी तिला काही म्हटलं नाही. चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. या वेळी, कुमुद, मला आधीच माहीत होतं.

तुझी,
सुमन